मल्लम्मासाठी केलेली फाइल

माजलगावात धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजेश्वरअप्पांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, तसं दुकानही वाढलं. मी तेव्हा पोस्टात कारकून होतो. पोस्ट सुटलं की अप्पांच्या दुकानात बसायचं, चहा घ्यायचा आणि मग घरी जायचं, हा माझा पंचवीस-तीस वर्षांचा नेम. निवृत्त झालो तरी तो सुटला नाही.

अप्पा लिंगायत वाण्याच्या घरातले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा शर्ट. बोलणं कमी, पण डोक्यात सगळं पक्कं. तलवाड्याच्या माणसानं दारात पाय ठेवला की त्याच्या विहिरीला किती फूट पाइप लागला, मोटार किती पॉवरची आणि मागच्या वेळी कुठला बुश बदलला, हे त्यानं सांगायच्या आत अप्पा सांगायचे. मुलगा केदारनाथ दुकानात आल्यावर त्यानं संगणक आणला. अप्पांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आण, पण मला लागणार न्हाई."

एकवीस सालच्या पोळ्याआधीची गोष्ट. एका गिऱ्हाइकानं विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला बसवायचा फुटवॉल मागितला. हा शब्द त्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा व्हायचा. अप्पा उठले, फडताळापाशी गेले आणि तिथंच उभे राहिले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बबनराव, ते पाण्यात बसतंय ते... कसं असतंय ओ ते?"

मला वाटलं, थट्टा करतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतर महिनाभरात दोन-तीन गोष्टी झाल्या. बीडहून माल घेऊन येताना ते मधेच तेलगावला उतरले आणि संध्याकाळपर्यंत एका टपरीवर बसून राहिले. केदार जाऊन घेऊन आला. मग संभाजीनगरच्या डॉक्टरांकडं नेलं. डोक्याचे फोटो काढले, चित्रं दाखवून प्रश्न विचारले. केदारला बाहेर नेऊन डॉक्टर सांगू लागले, तेव्हा अप्पाच उठून दारात आले. "जे काय हाय ते माझ्यासमोर सांगा. डोकं माझं हाय."

डॉक्टरांनी सांगितलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. औषधानं वेग थोडा कमी होईल, आजार मागं फिरणार नाही. अजून वर्ष-सव्वा वर्ष डोकं बऱ्यापैकी चालेल, कागदपत्रांची कामं तेवढ्यात उरका.

परत आल्यावर अप्पांनी दुसऱ्याच दिवशी एक हिरवी बॉक्स फाइल विकत आणली. वर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं, 'मल्लम्मासाठी'.

मल्लम्मावहिनी भालकीकडच्या. चौथीपर्यंत शिकल्या, तेही कानडी शाळेत. मराठी वाचायच्या, पण एकेक अक्षर लावत. बेचाळीस वर्षांच्या संसारात बँकेत गेल्या असतील त्या फक्त सही करायला, तेही अप्पा बोट ठेवतील तिथं. म्हणून अप्पा ती फाइल मोठ्या अक्षरांत लिहायचे, पहिलीच्या पुस्तकासारखी. रोज दुपारी गर्दी ओसरली की लिहायला बसायचे. कुठल्या बँकेत काय आहे, पोस्टात काय आहे, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात जातो, लॉकरची किल्ली कोणत्या डब्यात आहे, मोबाइल कोणत्या आकड्यानं उघडतो. मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला दोन गुंठे जागा त्यांनी शिवांजलीच्या नावानं करायची म्हणून घेतली होती. तुकडेबंदीच्या कायद्यामुळं एवढ्या लहान तुकड्याचं खरेदीखत होत नव्हतं, सगळा व्यवहार नोटरीच्या बाँडवर. तो बाँडही त्यांनी फाइलीत घातला. शिवांजली त्यांची मोठी मुलगी, लातूरला दिली.

एकदा त्यांनी मला एक पान वाचायला दिलं. अक्षर चुकलंय का बघा, म्हणाले. त्यावर होतं: 'बँकेत गेल्यावर आधी बाकड्यावर बसायचं. घाई करायची नाही. साहेब रागावला तरी भ्यायचं नाही, पैसे आपले आहेत. सही मागितली तर आधी केदारला विचारायचं. केदार नसला तर शिवांजलीला फोन लावायचा.' वेलांट्या दोन ठिकाणी चुकल्या होत्या. मी पान तसंच परत दिलं.

बावीसच्या एप्रिलात ते काम संपलं. एका दुपारी मी दुकानात गेलो तर अप्पा एकटेच होते. केदार माल आणायला गेलेला. त्यांनी गल्ल्याखालून एक जाड खाकी लखोटा काढला. तोंड डिंकानं बंद केलेलं.

"ह्याच्यात फाइलीतल्या सगळ्या कागदाच्या झेरॉक्स हायेत," ते म्हणाले. "आन एक चिठ्ठी हाय मल्लम्माला. तुमच्याकडं ठिवा."

"फाइल हाय की घरी, अप्पा."

"फाइल ऱ्हाणार न्हाई."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या एका चुलत्याला हाच आजार झाला होता. तो म्हातारा वस्तू लपवायचा, कुठं लपवल्या ते विसरायचा आणि मग बायकोला चोर म्हणायचा. चारचौघांत म्हणायचा. ती बाई तसलं ऐकत ऐकत मेली.

"माझंबी तसंच व्हणार," अप्पा म्हणाले. "डॉक्टरबी तेच सांगत व्हता. मी केदारवर आळ घेणार, बबनराव. रोज घरात असतो, दुकानात असतो, त्याच्यावरच घेणार. फाइल मीच कुठंतरी दडवीन आन म्हणीन, ह्यानं चोरली. तवा तुमी सगळ्यास्नी सांगायचं, की अप्पा शुद्धीवर व्हता तवा असं बोललाता. आन हा लखोटा तुमच्या वहिनीच्या हातात द्यायचा."

त्या वेळी मला जे वाटलं ते मी आज लपवत नाही. मला भीती वाटली. आमच्या पोस्टात एका एजंटाच्या भानगडीत माझ्या जोडीच्या कारकुनाची तीन वर्षं चौकशी चालली होती, त्याची पेन्शन अडकली होती. ते डोळ्यांसमोर आलं. उद्या काही कमी-जास्त झालं की लखोटा कुणाकडं होता, तर बबनरावाकडं. मी म्हणालो, "घरची गोष्ट घरात राहू द्या अप्पा. पोरं म्हणतील, परक्या माणसाकडं कावून ठिवलं? शिवांजलीकडं द्या."

"शिवांजलीकडं दिलं तर केदारला वाटंल, माझ्यावर भरवसा न्हाई. केदारकडं दिलं तर आळ त्याच्यावरच. दोघांत नसलेला माणूस पायजे."

"मला ह्याच्यात घालू नका," मी म्हणालो.

अप्पांनी लखोटा परत गल्ल्याखाली सरकवला आणि समोरच्या हॉटेलवाल्याला दोन चहा सांगितले. मी तो चहा प्यायलो. दुसऱ्या विषयावर बोललोसुद्धा.

दिवाळीपर्यंत अप्पा बरे होते असं म्हणायचं. दिवाळीनंतर झपाट्यानं गेलं. दुकानात येऊन बसायचे, पण गिऱ्हाइकाला ओळखायचे नाहीत. आणि मग ते सुरू झालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथंच होतो. केदार पाइप मोजून देत होता. अप्पा एकदम उठले आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडले, "ह्यो चोर हाय. माझ्या गल्ल्यातून पैसे नेतो. माझे कागद नेले ह्यानं!"

रस्त्यावरची माणसं थांबली. केदार पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं हातातलं माप खाली ठेवलं आणि मागं पाइपांच्या भेंडोळ्यांआड जाऊन उभा राहिला. खांदे हलत होते. मी अप्पांना हाताला धरून बसवलं. त्यांनी सांगितलेलं सगळं माझ्या ओठावर होतं. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की लखोटा घेऊन आले होते आणि मी घेतला नाही. मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू. जानेवारीत मी मुलाकडं पुण्याला गेलो आणि चार महिने तिथंच राहिलो. राहायचं कारण फारसं नव्हतं.

मी नसताना अप्पांनी शिवांजलीला फोन लावला. एवढं विसरलेल्या माणसाला मुलीचा नंबर मात्र पाठ होता. "तुझ्या भावानं फाइल पळवली. तुझी जागा विकून खाल्ली," असं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली. कपाट उघडलं. फाइल खरोखरच नव्हती.

पुढचं मला वहिनींनी आणि केदारनं वेगवेगळ्या वेळी सांगितलं, ते असं. घर उलथंपालथं केलं. धान्याच्या कोठ्या, गाद्यांच्या खोळी, देवघर. मग दुकान. अप्पांच्या दातांची कवळी फुटवॉलच्या खोक्यात निघाली. पोस्टाचं पासबुक गुंडाळी करून चार इंची पाइपात घातलेलं सापडलं. लॉकरची किल्ली ग्रीसच्या डब्यात. पण फाइल नाही. पाइपातलं पासबुक बघून केदारला वाटलं, फाइलीतले कागदही असेच पाइपातून गेले असतील, कारण त्या महिन्यात पाइप भरपूर विकले गेले होते. त्यानं पावत्या काढल्या, एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. कुणाला काही सापडलं नव्हतं. तलवाड्याच्या अभिमन्यू नावाच्या मोसंबीवाल्यानं मात्र पाइपलाइन आधीच जमिनीत पुरली होती. केदार त्याच्याकडं गेला. अभिमन्यू भला माणूस. त्यानं टोकाचं झाकण काढलं आणि मोटार चालू केली. केदार, अभिमन्यू आणि त्याचे दोन भाऊ पाइपाच्या तोंडाशी वाकून उभे. आधी वारा आला, मग चिखल, मग एक बेडूक, मग स्वच्छ पाणी. केदार बराच वेळ त्या पाण्याकडं बघत होता म्हणे.

तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा शिवांजली एवढंच म्हणाली, "लोकास्नी दाखवायला गेलतास का?"

त्या दिवसापासून बहीण-भाऊ बोलायचे बंद झाले. तेवीसच्या राखीला ती आली नाही. वहिनींना फोन करायची, केदारनं उचलला की ठेवून द्यायची. मी पुण्याहून परत आलो, दुकानात पुन्हा बसू लागलो. केदार आधीसारखाच चहा सांगायचा. गावात लोक कुजबुजायचे की अप्पाचं डोकं गेलंय खरं, पण एवढं सारखं म्हणतो म्हणजे काहीतरी असेल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरीही गप्प राहिलो. आता तर इतके दिवस का बोलला नाही, हाही प्रश्न आला असता.

चोवीसच्या जानेवारीत अप्पा गेले. शेवटचे दोन महिने ते कुणालाच ओळखत नव्हते, त्यामुळं केदारला चोर म्हणणंही थांबलं होतं. केदार त्यांना भरवायचा, अंग पुसायचा. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं बसवून समाधी दिली. शिवांजली खड्ड्याच्या एका बाजूला, केदार दुसऱ्या बाजूला. मधे वहिनी, कुणाचाच हात न धरता.

मग वहिनींचे हेलपाटे सुरू झाले. पोस्टातलं काम मी करून दिलं, जुन्या नोंदी मला शोधता येत होत्या. एका पतसंस्थेतल्या ठेवीवर वारस म्हणून अप्पांच्या आईचं नाव निघालं, ती जाऊन वीस वर्षं झालेली. त्यासाठी वहिनींनी आठ महिने चकरा मारल्या. विम्याचा कागद दुसरा काढावा लागला. हे सगळं उशिरा का होईना, मिळालं. मांजरसुंब्याची जागा मात्र गेली. विकणारा मेला होता. त्याचा मुलगा बद्रीनाथ म्हणाला, "आमच्या बापानं सांगितलं न्हाई. बाँड दाखवा." बाँड फाइलीत होता. त्यावर सह्या केलेले दोन्ही साक्षीदारही हयात नव्हते.

सप्टेंबरात एका सकाळी केदार माझ्या घरी आला. हातात वकिलाची नोटीस. "काका, जरा वाचून नीट सांगा. मला समजतंय, पण समजल्यासारखं वाटत न्हाई." शिवांजलीनं दुकानात आणि घरात हिस्सा मागितला होता. वडिलांची कागदपत्रं भावानं जाणूनबुजून गायब केली, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी वाचून दाखवलं. केदार म्हणाला, "हिस्सा देतो काका. अर्धं घेऊ दे. पण ही ओळ कशी पुसायची?"

मी त्याला म्हणालो, शिवांजलीला बोलावून घे. माझं नाव सांग. दोघांसमोर आणि वहिनींसमोर मला काहीतरी बोलायचं आहे.

ती रविवारी आली. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं. एप्रिलातली दुपार, लखोटा, चुलत्याची गोष्ट, 'मी केदारवर आळ घेणार' हे अप्पांचं बोलणं, जसं होतं तसं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. बोलताना मी जमिनीकडं बघत होतो.

शिवांजलीनं नोटीस उचलली, चार घड्या घातल्या आणि पर्समधे ठेवली. मग भावाकडं न बघता म्हणाली, "अप्पांनी आधीच सांगितलं व्हतं. आन मी..."

केदार माझ्याकडं बघत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काका, दोन वर्षं मी चोर म्हणून हिंडलो," तो म्हणाला. "आन तुमी रोज माझ्या दुकानात बसून चहा पेत व्हता."



वहिनी इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं. "चिठ्ठीत काय व्हतं, भाऊजी?"

"लखोटा बंद होता, वहिनी. मला माहीत नाही."

"तुमी घेतला असता तर आज वाचली असती," त्या म्हणाल्या. रागानं नाही. जी गोष्ट झाली ती सांगावी तसं. मग उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, पण चहा आला नाही.

मी चपला घालत होतो तेव्हा मागं शिवांजली केदारला म्हणाली, "मला स्टँडवर सोड." तो किल्ली घेऊन निघाला. गाडीवर दोघं माझ्या बाजूनंच गेले. ती काहीतरी बोलत होती, तो मान हलवत होता. पुढच्या महिन्यात तिनं नोटीस मागं घेतली. दिवाळीला ती लेकरांना घेऊन आली, एवढं मला शेजाऱ्यांकडून कळलं. सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. मांजरसुंब्याच्या जागेचं दुःख तिच्या मनात आहे आणि केदार अजून कुणी गल्ल्याजवळ उभं राहिलं की अंग चोरतो. पण बोलतात.

फाइल कुठंच मिळाली नाही. लखोटाही नाही. गेल्या वर्षी केदारनं दुकानाची फरशी बदलली, तेव्हा त्यानं जुन्या फडताळांच्या मागं हात घालघालून पाहिलं म्हणे.

मी आता त्या रस्त्यानं जातो, पण दुकानात बसत नाही. केदार दिसला तर नमस्कार करतो. तो मान हलवतो.

गेल्या नोव्हेंबरात वहिनींनी आपलं मृत्युपत्र केलं. दागिने कुणाला, घर कुणाला, ठेवी कशा वाटायच्या, मागं समाधी कुठं द्यायची, सगळं. मसुदा वकिलानं केला, पण आधी दोन्ही लेकरांना समोर बसवून ठरवलं. नोंदणीला साक्षीदार म्हणून शेजारचे विठ्ठलराव आणि मोंढ्यातला अंगद यांना नेलं. विठ्ठलराव मला संध्याकाळी चौकात भेटले. त्यांनी सांगितलं, तिथला कारकून म्हणाला, आजी, मी वाचून दाखवतो. वहिनी नको म्हणाल्या. अख्खा कागद स्वतः वाचला, एकेक अक्षर लावत, बोट फिरवत. पाऊण तास लागला. मागं रांग लागली, लोक कुरकुरले, त्यांनी वर पाहिलं नाही. सगळं वाचून झाल्यावर सही केली.

मग विठ्ठलराव म्हणाले, "तुमी कावून न्हवता? तुमचं तर त्या घरात रोजचं येणं-जाणं."

मी म्हणालो, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी बीडला गेलतो.

त्या दिवशी मी घरीच होतो.